घात झाला की घात केला? : विमान दुर्घटनेनंतरच्या पहिल्या तर्काची चिकित्सा

विमान कोसळल्याची बातमी येते तेव्हा मराठी वृत्तपत्रांच्या हाताशी एक मथळा तयारच असतो : 'अपघात की घातपात?' या मथळ्याला यमक आहे, प्रश्नचिन्ह आहे आणि मुख्य म्हणजे तो छापताना कोणतीही माहिती हाताशी असावी लागत नाही. दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, तरी मथळा तोच राहिला. फरक एवढाच की पूर्वी तो दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला मिळे, आता तो धूर विरण्याआधी आपल्या हातात येतो.

हा प्रश्न विचारूच नये असे या लेखाचे म्हणणे नाही. विमानात बॉम्ब ठेवले गेले आहेत, आणि ते आपल्याच विमानांतही ठेवले गेले आहेत. पण हा प्रश्न पहिल्या काही तासांत ज्या रीतीने विचारला जातो, त्या रीतीची चिकित्सा आपल्याकडे फारशी झालेली नाही. दुर्घटनेची कारणमीमांसा चौकशी अहवाल करतात. तर्काची कारणमीमांसा मात्र कोणी करीत नाही. एअर इंडियाच्या चार विमानांच्या आधारे ती येथे करून पाहू.

एक क्रियापद

आधी शब्दांकडे पाहू. 'अपघात' आणि 'घातपात' या दोन्ही शब्दांत 'घात' आहे. मराठीत हा 'घात' मोठा चमत्कारिक शब्द आहे. घरावर संकट कोसळले की कोकणातली म्हातारी माणसे 'घात झाला रे' म्हणतात. त्यात कोणावर आरोप नसतो, नुसता आघात असतो. पण 'घात केला' म्हटले की लगेच कोणीतरी माणूस उभा राहतो, त्याचा हेतू उभा राहतो आणि विश्वासघाताचा वास येतो. नाम तेच, क्रियापद बदलले की अख्खी गोष्ट बदलते. पहिल्या तासातला सगळा तर्क म्हणजे 'झाला'चे 'केला' करण्याची घाई.

गंमत अशी की याच भाषेत या घाईवरचा उताराही आहे, आणि तो साहित्यातला नाही, पोलीस ठाण्यातला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रात बुडून, विहिरीत पडून, विजेचा धक्का बसून माणूस गेला की स्थानिक वर्तमानपत्रातल्या बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे. पूर्वी ही नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. आपण ते वाक्य वाचतही नाही, इतके ते सवयीचे आहे. पण त्यात काय आहे पाहा. मृत्यू झाला आहे हे त्यात मान्य आहे. तो नैसर्गिक नाही हेही मान्य आहे. मात्र तो कोणी घडवला की घडला, हे ठरलेले नाही, आणि म्हणून तपास चालू आहे. 'अपघात' आणि 'घातपात' या दोन खोल्यांच्या बाहेर भाषेने एक पडवी ठेवली आहे. ठाणे अंमलदार तिथे थांबतो. संपादक मात्र थांबत नाहीत.

१९७८ : वांद्र्यासमोरचा समुद्र

रत्नागिरीच्या बहुतेक घरांतले एक तरी माणूस मुंबईत असते. त्यामुळे मुंबईत काही घडले की त्याची धडकी इकडे भरतेच. १ जानेवारी १९७८ हा दिवस तसाच होता. नववर्षाच्या पहिल्या रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. कंपनीच्या ताफ्यातले हे पहिले जंबो. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी असे सर्वच्या सर्व २१३ जण गेले.

पहिला तर्क घातपाताचा होता. तो का झाला हे समजण्यासारखे आहे. एवढे मोठे विमान, हवा स्वच्छ, वैमानिक कॅप्टन मदनलाल कुकर जवळजवळ अठरा हजार तासांचा अनुभव असलेले आणि धोक्याची कोणतीही सूचना नाही. अशा वेळी मन म्हणते की इतकी मोठी गोष्ट लहान कारणाने घडणारच नाही. पहिल्या तासातल्या तर्काचे हे मूळ आहे. परिणाम जेवढा मोठा तेवढे कारणही मोठे हवे, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे शत्रू.

समुद्रातून अवशेष आणि ध्वनिमुद्रण यंत्रे वर आल्यावर निघाले ते कारण तळहाताएवढे होते. स्फोटाची, आगीची खूण अवशेषांत नव्हती. विमान धावपट्टीवरून पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्रावर उडाले. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले की रात्री तिथे पाणी आणि आकाश यांची सीमा दिसत नाही. अशा वेळी वैमानिकाला क्षितिज दाखवते ते समोरचे एक यंत्र. विमान आधी थोडे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले होते. पण कप्तानाच्या समोरचे कृत्रिम क्षितिज विमान अजून उजवीकडेच कललेले आहे असे दाखवत राहिले. त्याने ते सरळ करण्यासाठी विमान डावीकडे कलवले आणि कलवतच नेले, इतके की ते उभ्या रेषेच्याही पलीकडे गेले. सहवैमानिकाच्या बोलण्यावरून त्याच्याही यंत्रात दोष आहे असा समज होऊ शकत होता. फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधले, पण तोवर उंचीच उरली नव्हती.

आता मथळ्याकडे परत जाऊ. हा अपघात की घातपात? अर्थात अपघात. पण एवढे म्हणून काय कळले? यंत्र का फसले, तीन यंत्रांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा याचे प्रशिक्षण कसे होते, अंधारात शरीराची दिशेची जाणीव किती फसवते, हे सारे प्रश्न 'अपघात' या शब्दानंतर सुरू होतात. चौकशीने संभाव्य कारण म्हणून कप्तानाच्या चुकीच्या हाताळणीवर बोट ठेवले, मात्र त्याआधी त्याचे यंत्र बिघडले होते हेही नोंदवले. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोइंग आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. सिएटलच्या न्यायालयाने ते १९८५मध्ये फेटाळले. म्हणजे घातपाताचा तर्क मिटल्यावरही अपघात कोणाचा, यावर वाद वर्षानुवर्षे चालला. 'अपघात' हे उत्तर नव्हते, ते नव्या प्रश्नाचे नाव होते. दोन शब्दांच्या मथळ्यात या वादाला जागाच नव्हती.

१९५५ : तर्क खरा ठरला तेव्हा

यावर कोणी म्हणेल, हे उदाहरण सोयीचे निवडले. तर्क खोटा ठरला म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. रास्त आक्षेप आहे. म्हणून उलटे उदाहरण घेऊ.

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. पंतप्रधान चौ एन लाय त्याच विमानाने जाणार अशी अपेक्षा होती, पण ते त्यात नव्हते. समुद्रावर असताना स्फोट झाला, आग लागली. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी जळते विमान नातुना बेटांजवळ पाण्यावर उतरवले. १९ पैकी १६ जण गेले, तिघे वाचले. त्यांपैकी एक होते देखभाल अभियंता अनंत कर्णिक. त्यांनी या अनुभवावर पुढे पुस्तक लिहिले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

दुसऱ्याच दिवशी चीन सरकारने जाहीर केले की हा अमेरिका आणि चँग कै-शेक यांच्या हस्तकांनी केलेला घातपात आहे. अवशेष पाण्याखालीच होते. म्हणजे हा शुद्ध पहिल्या तासाचा तर्क, आणि त्यातला घातपात खरा निघाला. इंडोनेशियाच्या चौकशीत उजव्या बाजूच्या चाकाच्या कप्प्यात कालबॉम्ब ठेवल्याचे निष्पन्न झाले. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय विमानतळावर काम करणाऱ्या एका सफाई कामगारावर आला. तोवर तो विमानानेच तैवानला पोचला होता आणि पुन्हा हाती लागला नाही.

मग घाई योग्य होती का? इथे एक भेद करायला हवा, आणि या लेखाचे सारे म्हणणे त्या भेदात आहे. संशय दोन प्रकारचा असतो. एक शोध सुरू करणारा, दुसरा शोध संपवणारा. १९५५मध्ये जाहीर आरोपाला राजकारण होतेच. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत दोन्ही बाजूंना आपापली कथा आधीच ठाऊक होती. पण त्या संशयामुळे कोणीतरी समुद्राच्या तळाशी उतरले, चाकाच्या कप्प्याचा पत्रा कुठल्या दिशेने वाकला आहे हे पाहिले, घड्याळाच्या यंत्राचे तुकडे शोधले आणि विमान हाँगकाँगला उभे असताना त्याला कोणी हात लावला याची यादी केली. ब्रिटिश, भारतीय आणि चिनी यंत्रणांनी एकमेकांवर पुरता विश्वास नसताना एकत्र काम केले. भारताकडून त्यात रामेश्वरनाथ काव होते. चीनचे निवेदन पुरावा नव्हते. वाकलेला पत्रा पुरावा होता. तर्क खरा ठरला म्हणून तो ज्ञान ठरत नाही. अंधारात मारलेला दगड कधी कधी आंब्याला लागतो, म्हणून मारणाऱ्याला नेमबाज म्हणत नाहीत.

१९८५ : सावधपणाचाही घात

तिसरे उदाहरण या लेखाच्याच रोखाला छेद देणारे आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडन-दिल्लीमार्गे मुंबईला येणारे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ सुमारे ३१,००० फुटांवर असताना रडारवरून नाहीसे झाले. ३२९ जण गेले. त्याच्या तासभर आधीच जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एअर इंडिया विमानात चढवायच्या सामानात स्फोट होऊन दोन कामगार मारले गेले होते. दोन्ही सामानांचा माग कॅनडातल्या व्हँकुव्हरपर्यंत जात होता. इथे घातपाताचा संशय हवेतला नव्हता, त्याला जोडीची घटना होती.

तरीही तांत्रिक चौकशीने घाई केली नाही, ते योग्यच झाले. एक नादुरुस्त इंजिन त्या विमानाच्या पंखाखाली टांगून परत आणले जात होते, त्याचाही विचार झाला. विमानाची चौकटच मोडली का, हेही पाहिले गेले. जवळजवळ दोन किलोमीटर खोल पाण्यातून यंत्रमानवाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण यंत्रे काढली गेली. शेवटच्या क्षणाच्या आवाजाचे विश्लेषण ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले, ब्रिटिश तज्ज्ञांनीही केले. त्या एका आवाजाच्या अर्थाबद्दल त्यांचे एकमत नव्हते. न्या. बी. एन. कृपाल यांच्या चौकशीने १९८६मध्ये पुढच्या मालकक्षातील बॉम्बस्फोट हे कारण निश्चित केले. तज्ज्ञांचे मतभेद लपवले गेले नाहीत आणि निष्कर्ष एकाच खुणेवर टांगला गेला नाही, हे या चौकशीचे बळ.

पण कॅनडाच्या शासनाचा सावधपणा निराळा होता. मृतांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक असताना तिथल्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा दूरध्वनी राजीव गांधींना केला, ही गोष्ट मृतांच्या कुटुंबीयांनी कधी विसरली नाही. गुन्ह्याचा तपास रेंगाळला, टेप पुसल्या गेल्या. इतक्या मृत्यूंनंतर शिक्षा झाली ती एकट्या इंदरजितसिंग रेयातला. न्या. जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१०मध्ये यंत्रणांच्या चुकांची मालिकाच मांडली. 'अजून काही सिद्ध झालेले नाही' हे वाक्य तज्ज्ञाच्या तोंडी प्रामाणिकपणाचे असते, तेच शासनाच्या तोंडी टाळाटाळीचे होऊ शकते. आकस्मिक मृत्यूची नोंद करून पुढील तपास केलाच नाही, तर ती पडवी थांबण्याची जागा न राहता अडगळीची खोली होते.

तर्कातून कोणाला काय मिळते?

ही तीन विमाने शेजारी ठेवली की दिसते की पहिल्या तासाचा तर्क क्वचितच निर्हेतुक असतो. दुर्घटनेच्या प्रत्येक कारणाला एक देणेकरी असतो. घातपात ठरला तर दोष बाहेरच्याचा आणि विमानतळाच्या सुरक्षेचा. यंत्र फसले असे ठरले तर दोष बनवणाऱ्याचा. देखभाल कमी पडली तर विमान कंपनीचा. वैमानिक चुकला असे ठरले तर मेलेल्या माणसाचा, आणि मेलेला माणूस उलट बोलत नाही, वकीलही देत नाही. म्हणून तर्क ऐकताना तो खरा वाटतो का, एवढेच विचारून भागत नाही. तो खरा ठरल्यास कोणाची सुटका होते, हेही विचारायला हवे.

याउलट पुराव्याला असा कोणी मालक नसतो. अवशेष मैलोन्‌मैल विखुरले आहेत की एकाच जागी आहेत? पत्रा आतून बाहेर उकलला आहे की बाहेरून आत चेपला आहे? धातूवर बारीक खड्डे आहेत का, स्फोटकाचे अंश आहेत का? मुद्रणयंत्र एका क्षणात बंद पडले की पाण्यावर आपटेपर्यंत चालू होते? या प्रश्नांची उत्तरे मिळायला कधी आठवडे लागतात, कधी महिने.

२०२५ : अहमदाबाद

१२ जून २०२५ रोजी दुपारी एअर इंडियाचे लंडनला जाणारे विमान अहमदाबादहून उडाल्यावर अर्ध्या मिनिटात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. एक प्रवासी वाचला. कर्मचाऱ्यांत मुंबई, ठाणे, रायगडच्या मराठी घरांतली तरुण माणसे होती.

पहिल्या संध्याकाळीच चित्रफिती थांबवून थांबवून निदाने सुरू झाली. पक्षी, इंधनातली भेसळ, पंखांच्या झडपा, वजन, घातपात. महिनाअखेरीस नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी सांगितले की चौकशी सर्व बाजूंनी होत आहे, त्यात घातपाताची बाजूही पाहिली जात आहे. हे वाक्य चौकशीच्या व्याप्तीबद्दल होते, निष्कर्षाबद्दल नव्हते. पण मथळ्यांत पुढे आला तो 'घातपात' हाच शब्द. 'तपासत आहोत'चे 'शक्यता आहे' झाले आणि गावोगावच्या मोबाइलवर 'शक्यता आहे'चे 'आतून कळले' झाले. शोध सुरू करणारा संशय वाटेत शोध संपवणारा होतो तो असा; त्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागत नाही, क्रियापद तेवढे बदलावे लागते.

१२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रक 'चालू'वरून 'बंद'वर गेले, एका सेकंदाच्या अंतराने. एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का बंद केलेस असे विचारले, दुसऱ्याने आपण केले नाही असे सांगितले. कोण काय म्हणाला हे अहवालाने सांगितले नाही. नियंत्रक 'गेले' असे अहवाल म्हणतो, कोणी 'नेले' असे म्हणत नाही. पुन्हा तोच 'झाला' आणि 'केला'चा फरक, या वेळी जाणीवपूर्वक राखलेला. काही दिवसांतच परदेशी वृत्तपत्रांनी कप्तानाकडे बोट दाखवले. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना नोटिसा पाठवल्या, आणि चौकशी करणाऱ्या विभागाला घाईने निष्कर्ष काढू नका असे जाहीर आवाहन करावे लागले. मात्र दोष विभागाकडेही जातो. संभाषणाचा एकच धागा, तोही सारांशाने, बाहेर सोडायचा आणि मग लोकांनी तर्क करू नये म्हणायचे, हे चालत नाही. अर्धी माहिती हे तर्काचे सर्वांत चांगले खत आहे. एक तर संदर्भासह द्यावे, नाहीतर अंतिम अहवालापर्यंत थांबावे.

वाचकाचे काम

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या विमानतळावर प्रवासी इमारत उभी राहते आहे. आजवर एसटी, बोट आणि कोकण रेल्वे यांनी जोडलेले गाव उद्या आकाशानेही जोडले जाईल. तेव्हा हा विषय केवळ मुंबई-दिल्लीचा राहिलेला नाही. विमानांची चौकशी आपल्या हातात नाही. पण तर्क पुढे पाठवायचा की आपल्यापाशी थांबवायचा, हे आपल्याच हातात आहे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. पुढच्या वेळी 'अपघात की घातपात?' असा मथळा समोर आला की तीन गोष्टी पाहाव्यात. हे सांगणाऱ्याच्या हाती अवशेष आहेत की नुसती चित्रफीत? हे खरे ठरल्यास कोणाची जबाबदारी टळते? आणि या संशयामुळे कोणी काही शोधायला निघाले आहे की शोधणेच थांबले आहे? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या ठाणे अंमलदाराचे वाक्य पुरेसे आहे : आकस्मिक मृत्यूची नोंद, पुढील तपास सुरू. या वाक्याचा पूर्वार्ध मृतांचा मान राखतो, उत्तरार्ध जिवंतांवर जबाबदारी टाकतो. त्यातला उत्तरार्ध पाळला जातो की नाही, हे मात्र वर्षभराने, मथळे विसरले गेल्यावरही, कोणीतरी विचारत राहायला हवे.